बारा ते सोळा: मुलांच्या दाढा आत्ताच वाचवा

आज रात्री जेवणं उरकली की घरातल्या बारा ते सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दिव्याखाली बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि तोंड मोठं उघडायला सांगा. पुढचे दात पाहू नका. ते मुलं स्वतःच आरशात न्याहाळत असतात. गाल बोटाने बाजूला करा आणि अगदी मागे पाहा. खाली-वर, डावीकडे-उजवीकडे, प्रत्येक बाजूला दोन मोठ्या दाढा असतील. दाढेच्या खाचांत काळी रेघ आहे का, हिरडीलगत खडूसारखा पांढरट पट्टा दिसतो का, कुठे खळगा आहे का, जेवणातलं काही तिथे अडकून बसलंय का, एवढंच पाहायचं आहे. काळी रेघ दिसली म्हणजे कीडच असेल असं नाही, पण ती दातांच्या डॉक्टरांनी पाहिलीच पाहिजे, आणि याच आठवड्यात.

तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारी दातांची डॉक्टर म्हणून मी हे कळकळीने लिहिते आहे. माझ्या खुर्चीत बसणारी आठवी-नववी-दहावीतली बहुतेक मुलं दुखायला लागल्यावरच येतात. तोवर ज्या दाढेत नुसतं सिमेंट भरून भागलं असतं, तिच्यावर रूट कॅनल करायची वेळ आलेली असते किंवा ती काढावी लागते. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. आकडे जुने आहेत, पण बारा आणि पंधरा या दोन वयांमधली त्यांची चढण नीट पाहा. त्याच वयात आपण मुलांच्या तोंडात डोकावायचं बंद केलेलं असतं.

या वयाची एवढी घाई का, ते सांगते. सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ कायमची असते. ती कोणताही दात न पाडता, दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून कितीतरी घरांत तिला दुधाचीच दाढ समजतात. "किडली तर किडू दे, पडून नवी येईल" हे वाक्य मी रोज ऐकते. नवी येत नाही. बाराव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे दुसरी मोठी दाढ येते, तिचंही तसंच. हिरडीतून डोकावल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. तेवढा काळ ती शेजारणीपेक्षा बुटकी असते आणि ब्रश तिच्या वरूनच निघून जातो. तिच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक तंतूही तळापर्यंत पोहोचत नाही. शिवाय नव्या दाढेचं कवच, ज्याला आम्ही इनॅमल म्हणतो, ते अजून कोवळं असतं; लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट शोषून ते हळूहळू पक्कं होतं. म्हणून दाढ आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यांत धोक्याची. ती निभावली तर ही दाढ म्हातारपणापर्यंत साथ देऊ शकते.

नववीतला एक मुलगा आईबरोबर आला होता. आई म्हणाली, "दोन महिने ठणकत होती हो मॅडम, आता थांबलीय. तरी दाखवून घ्यावं म्हटलं." खालच्या डाव्या बाजूला, मागून दुसऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा कापूस कोंबलेला होता. तो काढला तर वर टाचणीच्या डोक्याएवढं भोक. चिमट्याच्या टोकाने कडा जराशी दाबली आणि इनॅमलचा तुकडा आत कोसळला. खाली सगळा तपकिरी, चामड्यासारखा मऊ भुगा. वाळवी लागलेल्या चौकटीचा रंग वरून शाबूत असावा, तशी ती दाढ होती. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, म्हणजे हाडात पू धरला होता. दुखणं थांबलं होतं ते दाढ बरी झाली म्हणून नाही, आतली नस मेली म्हणून. पालकांनो, ही गोष्ट मनात पक्की धरा: ठणकणारी किडकी दाढ औषधाशिवाय गप्प झाली तर तो दिलासा नाही, दवाखाना गाठायची खूण आहे.

कीड म्हणजे दातात शिरलेला किडा नव्हे. आठवडी बाजारात कानातून किंवा दातातून 'किडा काढून दाखवणारे' अजून बसतात आणि लोक पैसे देतात. त्यांच्या हातात जे वळवळतं ते तुमच्या मुलाच्या दातातून आलेलं नसतं. दातांवर जिवाणूंचा चिकट थर असतो. आपण साखर खाल्ली की ते जिवाणूही खातात आणि काही मिनिटांतच आम्ल सोडतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, शास्त्राच्या भाषेत पीएच साडेपाचच्या खाली गेला, की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झीज थोडी भरून आणते, पण त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. म्हणजे दर वेळी तोंडात गोड गेलं की दाताला अर्ध्या-पाऊण तासाचा मार बसतो, मग ते गोड चमचाभर असो की वाटीभर.

आता आपल्या घरातल्या नववीच्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सहाला गोड चहा, त्यात बुडवून खारी किंवा टोस्ट. शाळेच्या वाटेवर एक रुपयाची गोळी गालात. मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. ते खारट असलं तरी त्यातलं पीठ दाढांच्या खाचांत चिकटून बसतं आणि त्याचंही आम्ल होतंच. दुपारी शाळेतून आल्यावर बिस्किटं. क्लासला जाताना मैत्रिणींबरोबर थंड पेयाची बाटली, तीही तासभर घोट घोट. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री बारापर्यंत अभ्यास, शेजारी बिस्किटांचा पुडा, आणि तशीच झोप. या मुलीने दिवसभरात फार साखर खाल्ली असं तिच्या आईला वाटणारच नाही, कारण एका वेळी फार खाल्लीच नाही. पण लाळेला सावरायला मोकळा वेळ दिवसभरात मिळाला कुठे?

साखर किती यापेक्षा ती किती वेळा, हे दातांच्या बाबतीत अधिक मोलाचं, ही गोष्ट जगाला फार मोठी किंमत मोजून कळली. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांवर, त्यांची संमती न घेता, प्रयोग केले गेले. जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिली तेव्हा झपाट्याने वाढली. तो प्रयोग अमानुष होता आणि पुन्हा कधी होऊ नये. त्या माणसांनी सोसलेल्या वेदनांतून मिळालेलं ज्ञान वाया घालवणं मात्र त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल. स्वीडनमध्ये पुढे मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची प्रथा रुजली, आणि ती आजही पाळली जाते.

आपल्याला ही रीत परकी नाही. खाऊ बाजारच्या दिवशी यायचा. रेवड्या, गुडीशेव, भत्ता असं जे काही आजोबांच्या पिशवीतून निघायचं ते त्या दिवशी संपायचं आणि पुढच्या बाजारापर्यंत वाट पाहिली जायची. तोच बाजारचा दिवस घरात पुन्हा आणा. पुरणपोळी, श्रीखंड, दिवाळीचे लाडू बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. गोड जेवणाच्या ताटात खा, पोटभर खा, आणि मग पुढच्या जेवणापर्यंत तोंड मोकळं ठेवा. मधल्या भुकेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू, भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं असं काहीही चालेल. शाळेच्या बाटलीत मात्र साधं पाणीच हवं, सरबत नको. कोलासारख्या पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण सहा सपाट चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी, शक्यतो ५ टक्क्यांहून कमी. पाच टक्के म्हणजे साधारण त्या एका बाटलीएवढी.

मला कोणी विचारलं की सगळं जमणार नाही, एकच गोष्ट सांगा, तर मी रात्रीचा ब्रश सांगेन. आपल्याकडे दात सकाळी उठल्यावर घासायचे असतात, रात्री नाही. बहुतेक घरांत ही सवयच नाही. पण झोपेत लाळ जवळजवळ आटते. दिवसभर दातांची राखण करणारी लाळच नाही आणि खाचांत बिस्किटाचा लगदा, अशा अवस्थेत मूल सात-आठ तास झोपतं. सकाळचा ब्रश हवाच. पण दोन्हींपैकी एक चुकणारच असेल तर तो रात्रीचा नसावा. ब्रश झाला की पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, दहावीचा अभ्यास बारापर्यंत चालणार असेल तर बारा वाजता ब्रश करायचा.

ब्रश मऊ हवा, दोन मिनिटं हवा आणि पेस्ट फ्लोराईडची हवी. खोक्यावर बारीक अक्षरांत फ्लोराईडचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते १००० पीपीएमच्या आसपास आहे ना, ते पाहा. कोळशाच्या, 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराईड नसतंच, म्हणजे कीड थोपवणारं मुख्य औषधच गायब. औषध हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराईडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. फ्लोराईड विरघळू लागलेलं इनॅमल पुन्हा बांधतं. तो खडूसारखा पांढरा पट्टा म्हणजे किडीची पहिली पायरी, आणि त्या पायरीवरून दात मागे फिरू शकतो. खळगा पडल्यावर फिरत नाही.

इथे आपली एक जुनी सवय आड येते. ब्रश झाला की आपण तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरतो. त्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही, मला समजतं. पण त्या पाण्याबरोबर दातांवर राहायला हवं असलेलं फ्लोराईडही वाहून जातं. फेस नीट थुंका आणि तसंच झोपा. पहिले चार दिवस विचित्र वाटेल, पाचव्या दिवशी वाटणार नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. तिथले पालक फ्लोराईडचं नाव काढलं की बिचकतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण ते डाग पडतात दात जबड्यात तयार होत असताना, रोज फ्लोराईड पोटात गेल्यामुळे. अक्कलदाढा सोडल्या तर सगळ्या दातांचं कवच आठव्या वर्षापर्यंत घडून झालेलं असतं. बारा वर्षांचं मूल पेस्ट लावून थुंकतं, तेव्हा त्याच्या दातांवर नवे डाग पडत नाहीत. पिण्याचं पाणी मात्र गावाने तपासून घ्यावं, ते वेगळं आणि मोठं काम आहे.

राखुंडी, विटेची पूड, खरखरीत लाल मंजन यांनी दात झिजतात. आणि मिस्री? आयाबायांनो, तुमच्याशी हात जोडून बोलते. दाढ दुखते म्हणून मुलीच्या हातावर चिमूटभर मिस्री ठेवू नका. दुखणं बधिर होतं आणि तंबाखू तोंडात शिरते ती कायमची. विदर्भात खर्ऱ्याचं तेच होतं. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर देशात १९९२ पासून बंदी आहे, ती उगाच नाही. डोकेदुखीची गोळी हिरडीशी दाबून ठेवायची पद्धतही सोडा; तिने दाढ थांबत नाही, हिरडी भाजते.

बारा वर्षांची दाढ नीट वर आली की डॉक्टरांकडे जाऊन 'सीलंट'बद्दल विचारा. दाढ स्वच्छ आणि कोरडी करून तिच्या खाचांत पातळ लेप भरतात आणि दिव्याने घट्ट करतात. सुई नाही, मशिनची घरघर नाही, एका दाढेला काही मिनिटं. मोठ्या दाढांच्या खाचांतली कीड रोखायला याइतका सोपा उपाय नाही, आणि खर्च रूट कॅनल आणि कॅपच्या एका अंशाएवढा. तरी हे मागायला पालक येत नाहीत, कारण दुखत नसताना दातांच्या डॉक्टरांकडे कशाला जायचं, अशी आपली समजूत. ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत त्यांनी तर दुप्पट जपायला हवं. तारांच्या कडेने पांढरे डाग फार लवकर धरतात.

मुलांनो, आता तुमच्याशी. बारा ते सोळाच्या वयात कोणी तोंडात डोकावलेलं आवडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून स्वतःच आरसा घ्या. गोळ्या आणि थंड पेय सोडताच येत नसतील तर जेवणाला जोडून घ्या आणि बाटली एका बैठकीत संपवा. वहीशेजारी ठेवून तासभर चाखत बसू नका. ही पेयं स्वतःच आंबट असतात, त्यामुळे प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. गार पाणी लागलं की कळ येते, एका बाजूने चावणं टाळता, मागच्या दाढेत रोज भाजी अडकते, असं काहीही असेल तर आज घरी सांगा. "ओरडतील" म्हणून सहा महिने लपवलेली दाढ मी पुष्कळ पाहिली आहे. जितक्या लवकर याल तितकं कमी दुखेल, हे खरं आहे.

शाळांनो, तुमच्याकडे अधिकार आहेत, ते वापरा. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत भरपूर साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. फाटकासमोरच्या टपरीवाल्याचं पोट त्यावर आहे, मान्य. त्याच्याशी बसून बोला, तो उकडलेल्या शेंगा आणि चणेही विकू शकतो. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कोणत्या पदार्थात किती साखर ते दाखवणारे. राज्य मंडळाच्या शाळांनी परिपत्रकाची वाट कशाला पाहायची? रिकामी पाकिटं आणि चमच्याने मोजलेली साखर एवढ्या सामानात आठवीचा वर्ग असा फलक दोन तासांत तयार करेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, आणि त्यात दातांची कीडही धरलेली आहे. पथक येतं, मुलाच्या नावापुढे दंतक्षय लिहिलं जातं, पुढच्या उपचाराची चिठ्ठी मिळते, आणि ती दप्तराच्या तळाशी मळून जाते. वर्गशिक्षकांनो, अशा मुलांची यादी स्वतःकडे ठेवा आणि पुढच्या पालकसभेत एकेकाला विचारा. पालकांनो, ती चिठ्ठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात चालते. ज्यांना जवळ पडतं त्यांनी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत जावं. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात.

सगळ्यांत जास्त काळजी मला वसतिगृहांतल्या मुलांची वाटते. पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोलीच्या आश्रमशाळांत आणि जागोजागच्या वसतिगृहांत हजारो मुलं याच वयात आईबापांपासून दूर राहतात. त्यांना रात्री "दात घासलेस का?" असं विचारणारं कोणी नसतं. गृहपाल आणि अधीक्षकांनो, जेवणानंतर दहा मिनिटांची एक घंटा वाढवा. सगळ्यांनी एका वेळी नळाशी उभं राहायचं, मोठ्यांनी लहानांना दाखवायचं. ब्रश आणि पेस्ट साबण-तेलाच्या यादीत आहे का आणि ती मुलाच्या हातात खरंच पडते का, ते महिन्याला पाहा. गावातली तरुण मंडळं, महिला बचत गट, निवृत्त शिक्षक यांनी एखाद्या वसतिगृहाची वर्षभराची ब्रश-पेस्ट उचलली तरी मोठं काम होईल. गणपतीच्या वर्गणीतला अगदी लहानसा भाग त्याला पुरतो.

आणि ज्यांच्या घरात आत्ता या क्षणी मुलाची दाढ सुजली आहे, त्यांनी इतर काही वाचत बसू नये. गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजून घट्ट झाला आहे, ताप आहे, तोंड पूर्ण उघडत नाही, थुंकी गिळताना त्रास होतो, आवाज बदलला आहे, यांपैकी काहीही असेल तर रात्र असली तरी जिल्हा रुग्णालय गाठा. दाताचा पू मानेकडे उतरला तर श्वास कोंडू शकतो. बाहेरून गरम शेक देऊ नका, झाडपाल्याचा लेप लावू नका, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं खिशात टाका आणि निघा. तिथल्या डॉक्टरांना ती लागतील.